एकशेवीस दिवसांचा मुक्काम

दर गुरुवारी शशिकलाताई रक्तनिर्मिती केंद्रात येऊन अठरा नंबरच्या काचपात्रासमोर बसत. धाकटा भाऊ शिरीष जाऊन सात वर्षं झाली होती. त्याने दान केलेल्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी मात्र त्या पात्रात अजून तांबड्या पेशी घडवत होत्या. घरी बोलायला ताईंना दुसरं कुणीच नव्हतं.

"पेशी तयार झाली की आपलं केंद्रक मागे टाकते, मगच रक्तात उतरते," तंत्रज्ञ रेहानाने एकदा समजावलं होतं.

"त्याच्यावरच गेल्यात मेल्या," ताई म्हणाल्या होत्या. "निघताना छत्री तरी विसरायचाच."

आज मात्र ताई स्वतःच खाटेवर होत्या. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. रेहानाने रक्ताची पिशवी टांगली. तिच्यावर अठरा आकडा होता.

नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे ताई बघत राहिल्या. "किती दिवस टिकतं गं हे?"

"ताज्या पेशी आहेत, ताई. एकशेवीस दिवस."

आषाढ नुकताच लागला होता. ताईंनी बोटांवर मोजलं: आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, आणि वर कार्तिकाचे दोन दिवस.

"एवढी भाऊबीज करून जा रे," त्या पिशवीला म्हणाल्या.