ब्रेकवरचा पाय

हे लिहायचंच नाही, असं गोपीचंदनं ठरवलं होतं. पण त्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना.

अठ्ठ्याहत्तर साली त्यानं अन् टिकारामनं चिखल्याच्या खाणीतला जुना ट्रक घेतला. उतारावर चाकाखाली वीट लावून ब्रेकमधली हवा काढायची होती. ट्रकखालून टिकाराम ओरडे, "दाब!" अन् कॅबिनमधून गोपीचंद पेडल दाबे.

भरदुपारी गोपीचंद न सांगता पाणी आणायला गेला. परतला, तर पुन्हा "दाब!" ऐकू आलं. रिकाम्या कॅबिनमधलं पेडल हळूच खाली गेलं.

"आता बरोबर दाबून राहिला बे!" टिकाराम हसला.

मग त्याचा आवाज चिरकला. "गोप्या, चाकाखालची वीट फुटली! उतारावर गाडी ब्रेकवरच हाये. मी निघेपर्यंत पाय काढू नोको!"

पेडल खालीच होतं. गोपीचंद बाहेर, हातात बादली.

"नाही काढत, गड्या," तो म्हणाला.