दहा सेकंद

रक्षाच्या कॉम्प्युटरवर घरच्यांसाठी विंडोज होतं आणि तिच्या कामासाठी लिनक्स. आठवडा झाला, चालू केला की दोन्हींतलं एक निवडायची यादीच येईना, थेट विंडोज उघडायचं. "टेन्शन नको घेऊ, मी आहो न," म्हणत तिचा नवरा रत्नदीप रोज संध्याकाळी त्याच्याशी झटापट करायचा. शेवटी तिनं दुपारीच पिपरीच्या चौकातल्या नागेश मेकॅनिकला घरी बोलावलं.

"ताई, बिघाड काईच नाई. निवडाले दहा सेकंद भेटत होते, ते कोनंतरी शून्य करून ठेवले. तारीख मागच्या सोमवारची हाय. पुन्हा दहा करू?"

सोमवारीच तिनं रत्नदीपला आपल्याला पुण्यात मिळालेल्या नोकरीचं सांगितलं होतं.

ती हो म्हणणार, तेवढ्यात मागून खांद्यावर ओळखीचा हात पडला.

"याले कायले त्रास दिला? मी आहो न."