उंच माणूस खाली

“मी सामान नाही,” मुकादम म्हणाला.

“कोण म्हणतंय सामान?” त्याचा मित्र शिडी म्हणाला आणि त्याने पट्टा खुर्चीखालून आरपार ओढला.

चाकांच्या खुर्चीने वाळूच्या पहिल्याच चढावर हात टेकले होते. चाकं निम्मी आत रुतली. मग गाडीतली साधी हातांची खुर्ची काढली, मुकादमाला तिच्यात बसवलं आणि कमरेभोवती चादर गुंडाळून घट्ट बांधलं. आता तिघांनी त्याला उचलून ती वाळूची टेकडी चढायची होती. टेकडीच्या पलीकडे समुद्र. दोन दिवसांच्या सुट्टीत वाळवंट आणि समुद्र दोन्ही दाखवतो असं सांगून मित्रांनी त्याला घरातून जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

हे चौघे वर्षानुवर्षं लोकांची घरं हलवत आले होते. कपाटं, पलंग, फ्रीज, एकदा तर चौथ्या मजल्यावर पियानो. नावं अंगावरूनच पडलेली: शिडी ताडमाड उंच, बरणी बुटका आणि गोल, तिसरा ट्रकचा ड्रायव्हर. कोणी कुठे धरायचं, कुठे वळायचं, कुठे दम घ्यायचा, हे मुकादम सांगायचा. ओझं उचलणाऱ्याने फक्त त्याचा आवाज ऐकायचा, डोकं चालवायचं नाही. गेल्या वर्षी ट्रकची फळी सरकली, मुकादम खाली पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. चूक कोणाचीच नव्हती. त्यामुळे राग काढायलाही कोणी सापडलं नाही.

सोमवारी तो कायमचा बहिणीच्या गावी चालला होता. ताईने मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली होती. “पडून राहीन तिथे,” तो म्हणायचा. “इथे आता माझं काय काम?” येताना गाडीत त्याने विचारलं होतं, धंदा कसा चाललाय. तिघेही एकदम म्हणाले, मस्त. त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट जिवाला लागलं. आपल्यावाचून कोणाचंही काहीही अडलेलं नाही, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

“उचला,” ड्रायव्हर म्हणाला. शिडीने चढाच्या वरच्या बाजूने धरलं, बरणीने खालच्या, ड्रायव्हरने कडेने हात लावला. चार पावलं गेले नाहीत तोच खुर्ची मागे कलली. मुकादमाला समुद्र सोडाच, टेकडीही दिसेना. नुसतं आभाळ. सगळा भार बरणीच्या छाताडावर आला. बरणी बसला, खुर्ची बसली आणि ड्रायव्हर काही कारण नसताना आडवा झाला.

“बास,” मुकादम तोंडातली वाळू थुंकत म्हणाला. “हौस फिटली. मला गाडीत ठेवा आणि तुम्ही समुद्र बघून या.”

“गप रे. पाहुण्याने बोलायचं नसतं,” बरणी म्हणाला.

पाहुणा हा शब्द त्याला चांगलाच झोंबला. तिघांनी पुन्हा उचललं. पुन्हा शिडी वर, पुन्हा बरणी खाली, पुन्हा आभाळ. मुकादमाने डोळे मिटले, दात आवळले. एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. पण राहवेना.

“अरे गाढवांनो, उंच माणूस खाली!” तो कडाडला. “चढावर उंच खाली, ठेंगणा वर. तेव्हा कुठे ओझं सपाट राहतं. टेकवा आधी. जागा बदला.”

तिघांनी निमूट खुर्ची टेकवली आणि जागा बदलल्या.

“आता सरळ चढायचं नाही. तुमची पावलं बघा, इथे घोट्यापर्यंत रुतलीत. ड्रायव्हर मघाशी टेकडीच्या धारेजवळून गेला, तिथे नुसते ठसे उठलेत. म्हणजे तिकडची वाळू घट्ट आहे. तिरपे चला. बरणी, तू मागे वळून बघू नकोस, तुझ्या मागचं मी बघतोय. हं, उचला.”

खुर्ची उठली आणि सपाट राहिली. “एक पाऊल. थांब. शिडी, गुडघ्यात वाक. जरा डावीकडे. टेकवा, दम घ्या. उचला.” जिन्याजिन्यांतून घुमणारा तो जुना आवाज आता उघड्यावर सुटला होता. शिडी घामाने निथळत होता आणि तरी दात काढून हसत होता. पाहुणे फारच बोलतात, असं ड्रायव्हर पुटपुटला. “तू हात चालव,” मुकादम म्हणाला. आपल्याला कोणी उचलून नेतंय हे तो साफ विसरला होता. तो कामावर होता.

माथ्यावर खुर्ची टेकली. खाली वाळू थेट पाण्यात उतरत होती आणि समुद्र नजर पोचेल तिथपर्यंत पसरला होता. मुकादमाला आनंद झाला, कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका.

आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चुकले, समजू शकतो. लगेच दुसऱ्यांदाही तेच? जन्मभर ओझी उचललेली ही माणसं? म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. बिचाऱ्याला जरा बरं वाटू दे, म्हणून. त्याचा आनंद झरकन उतरला. यापेक्षा सामान झालो असतो तर बरं, असं त्याला वाटलं.

“मुद्दाम केलंत ना?” त्याने विचारलं.

“काय?” शिडी म्हणाला.

“तू वर आणि बरणी खाली. काल कामाला लागलेलाही असं उचलत नाही. मला बोलतं करायला नाटक केलंत. खरं सांगा.”

बरणी पायाने वाळू उकरायला लागला. ड्रायव्हरने समुद्राकडे तोंड फिरवलं. शेवटी शिडी खुर्चीशेजारी उकिडवा बसला. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

“मुद्दाम कसलं, मुकादम,” तो म्हणाला. “तू पडल्यापासून आम्ही रोज असंच उचलतोय.”