तिसरी प्लेट

घरच्या घरी लहानसं लेथ मशीन बनवायचं, तर आधी एक अगदी सपाट पृष्ठभाग हवा. म्हणून भांडुपचा सहदेव बिडाच्या दोन प्लेटा घेऊन बसला होता. एकीला निळा रंग फासायचा, दुसरी तिच्यावर घासायची आणि जिथे निळं लागेल तो उंचवटा स्क्रॅपरने खरवडायचा. कामावरून आला की चहा तसाच निवायचा आणि हा खरवडत सुटायचा. बायको, प्रेमा, न कुरकुरता प्लेट धरून बसायची. आज दोन्ही प्लेटांवर निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले, तसा तो हे काम शिकवणाऱ्या अनंताला हाताला धरून घरी घेऊन आला.

"बघ, कशा बसल्यात एकमेकींवर! झकास ना?"

"बसणारच. एक फुगीर असेल, दुसरी खोलगट. दोघींचं जमलं म्हणजे दोघी सरळ झाल्या, असं नसतं रे. तिसरी आण. ती दोघींवर बसली, की मग बोल."

अनंता गेला. सहदेव मात्र एवढ्याशा खोलीत येरझारा घालत राहिला.

"आता काय झालं?" प्रेमाने विचारलं.

"आपली पोरगी सुगंधा आपल्या मनाविरुद्ध ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात लग्न करून गेली. तिला या घराचं दार बंद, हे आपण दोघांनीच ठरवलं ना गं?"

"मग? अहो, आपलं कधी दुमत झालंय का?"

"तिथेच तर वाट लागली," सहदेव चपला शोधत म्हणाला. "ऊठ. ट्रॉम्ब्याला जाऊन येऊ."