लाल फुल्या

डॉक्टर सय्यद यांनी ऋजुताच्या दंडावर यंत्र टेकवलं, तशी कातडीखालची तांदळाएवढी कुपी पडद्यावर दिसली.

"तीन वर्षं ही तुला पीसीओएसचं, म्हणजे पाळी अनियमित होण्याच्या आजाराचं औषध देतेय," त्या म्हणाल्या, "पण तुला तो आजार कधी नव्हताच. घरून भरलेल्या पाळीच्या तारखांवरून कुपी स्वतःच निदान करते. तारखा कुणी भरल्या?"

"मी," ऋजुताचे वडील दिगंबरराव पुटपुटले. शाळेत सगळ्याच मुलींना तेराव्या वर्षी कुपी बसवत. तेव्हा त्यांची पत्नी नुकतीच वारली होती, आणि मुलीला असलं काही विचारायची त्यांना भीड पडली. "स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती लाल फुल्या करायची. दर महिन्याला त्याच बघून भरत होतो."

ऋजुता त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो बाबा, त्या नळाला पाणी न आल्याच्या फुल्या होत्या!"

तिला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. औषधानं सारखं मळमळायचं, म्हणून तिनं कबड्डी सोडली होती. 'फार नाजूक झालीस गं,' असं तेव्हा दिगंबररावच तिला म्हणाले होते.

कुपी काढून झाली. बाहेर रिक्षाची वाट बघताना त्यांनी दोनदा घसा खाकरला. मुलीसमोर तो शब्द ते पहिल्यांदाच उच्चारत होते.

"ऋजू, तुझी पाळी... तेव्हा वेळेवर यायची का गं?"

"यायची की. अगदी महिन्याच्या महिन्याला." दंडावरची पट्टी चाचपत ती म्हणाली, "विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं."