बिनहाराचा फोटो

वडील एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा गहिनीनाथ तान्हा होता. घरात त्यांचा एकच फोटो: अंगावर वर्दी, हात अ‍ॅम्बेसेडरच्या बॉनेटवर. आईनं फोटोला कधीच हार घालू दिला नाही. उद्या मात्र नेवाशाला शहिदांच्या कार्यक्रमात हार पडणारच होता. फोटोखाली साल लिहायला जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या अवधूतला बोलावलं. भिंगातून बघता बघता तो थबकला. "दादा, ही मार्क थ्री गाडी पंच्याहत्तरच्या आधी निघालीच नव्हती." गहिनीनाथानं फोटो हिसकून घेतला. वडील जिवंत होते, तर आले का नाहीत? त्यानं आईपुढे फोटो धरला. ती पदर पिळत राहिली. "तुझ्या बापाचा फोटूच नव्हता. बाप दाखव म्हनून तू जेवंना, तवा तुझ्या धाकल्या चुलत्यानं बापाची वर्दी घालून फोटू काढला." ओसरीवर तेच चुलते खोकले. आई तिकडे बघत म्हणाली, "जित्या मानसाच्या फोटूला कुनी हार घालतं व्हय?"