फ्रेममध्ये माणूस नको

शनिवारी दिवसभर मी सोलापुरातल्या एका जुन्या चर्चचे फोटो काढत होतो. स्पर्धेची अट होती, फ्रेममध्ये माणूस नको. आणि रंगीत काचांमधून जिथे उजेड पडत होता, नेमका त्याच बाकड्यावर एक म्हातारा ठाण मांडून बसलेला.

“आबा, जरा उठता का?” मी दोनदा विचारलं.

“न्हाय बाबा. पोरगी समोरच्या दवाखान्यात गेलीया. हितनं हलू नका म्हनलीया.”

माझं डोकंच सणकलं. घरी येऊन मोबाइलवर एकेका फोटोतून त्याला पुसून काढलं आणि मूळ फोटो ट्रॅशमधूनसुद्धा डिलीट केले.

सोमवारी धम्मप्रिया नावाच्या बाईंचा फोन आला. चर्चच्या वॉचमनकडून त्यांनी माझा नंबर मिळवला होता.

“दादा, त्या बाकड्यावर माझे वडील बसले होते. त्यांना काही आठवत नाही हल्ली. शनिवारपासून सापडत नाहीत. पोलिसांना अलीकडचा फोटो पाहिजे, आमच्याकडं एकबी नाही. तुमच्या एका तरी फोटोत असतील की.”

मी सगळे फोटो पुन्हा उघडले.



बाकड्यावर त्यांची सावलीसुद्धा मी ठेवली नव्हती.